लीप सेकंद म्हणजे काय? सर्व्हर का अडकतात? जाणून घ्या
पृथ्वीच्या फिरण्याचा वेग कमी-जास्त होतो, अणुघड्याळाचा होत नाही. दोघांचा मेळ राहावा म्हणून १९७२ पासून २७ वेळा एक सेकंद वाढवला गेला. शेवटचा आला तेव्हा आपल्याकडे १ जानेवारी २०१७ ची पहाटे साडेपाचची वेळ होती.

काय बिघडलं होतं?
१ जुलै २०१२ ला असाच सेकंद आला. लिनक्सच्या टायमरमध्ये दोष होता, त्यामुळे अनेक सर्व्हरचे प्रोसेसर विनाकारण पूर्ण क्षमतेने धावत राहिले. रेडिट बंद पडलं.

सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी काय करावं?
– लिनक्सचं कर्नल अपडेट ठेवा.
– वेळ जुळवायला ‘क्रोनी’ असेल तर ‘स्ल्यू’ पर्याय निवडा. सेकंद एकदम न घुसता हळूहळू जुळतो.
– गूगलचे टाइम सर्व्हर हा सेकंद २४ तासांत वाटून देतात. ते घेतले तर सगळ्या मशीनवर तेच ठेवा. इतरांशी मिसळले तर अर्ध्या सेकंदापर्यंत फरक पडतो आणि व्यवहारांच्या नोंदी मागे-पुढे होऊ शकतात.

मोबाईलवर आपल्याला काहीच करावं लागत नाही. २०३५ पर्यंत ही पद्धत बदलायचं २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरलंय. तोवर तयारी ठेवलेली बरी.