मधुमेह आणि पावलाचे अंशतः विच्छेदन

मधुमेहामुळे पावलाचा काही भाग काढावा लागणार, असे कळताच 'पाय गेला' अशीच भावना रुग्णाच्या घरी निर्माण होते. वस्तुतः ही शस्त्रक्रिया बहुधा उरलेला पाय वाचवण्यासाठीच असते. टाच आणि घोटा शाबूत राहिल्यास रुग्ण कृत्रिम पायाविना उभा राहू शकतो. गुडघ्याखाली पाय कापल्यावर ती मुभा उरत नाही.

रक्तशर्करा दीर्घकाळ वाढलेली राहिली की पावलांची संवेदना मंदावते. चपलेचा अंगठा बोचला किंवा देवळाच्या तापलेल्या फरशीवर तळवा भाजला, तरी कळत नाही. दुखत नाही म्हणून रुग्ण उशिरा येतो, हीच खरी मेख. तोवर जंतुसंसर्ग हाडापर्यंत पोहोचलेला असतो, आणि रक्तवाहिन्या अरुंद असल्यास गँगरीनही होते.

किती भाग काढायचा, हे संसर्गाच्या व्याप्तीइतकेच रक्तपुरवठ्यावर ठरते. संसर्ग वेगाने पसरत असेल तर पू तातडीने काढावाच लागतो. एरवी अँजिओप्लास्टी वा बायपासने रक्तप्रवाह सुधारता येईल का, हे आधी पाहिले जाते. घोट्याजवळचा रक्तदाब मोजण्याची साधी चाचणी येथे फसवी ठरू शकते. मधुमेहींच्या धमन्या कॅल्शियम साचून कडक होतात आणि दाब प्रत्यक्षाहून अधिक दिसतो.

एखादे बोट काढणे किरकोळ वाटते. परंतु पायाचा अंगठा गेल्यावर चालतानाचा भार शेजारच्या हाडांखाली पडतो व तेथे नवा व्रण होऊ शकतो. लिसफ्रांक आणि शोपार या फ्रेंच शल्यविशारदांच्या नावाने ओळखली जाणारी विच्छेदने पावलाच्या आणखी मागच्या भागातून होतात. त्यांत पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूंचे बळ घटते, पोटरीचा स्नायू टाच वर ओढतो आणि उरलेले टोक जमिनीवर दाबले जाते. यासाठी अनेकदा टाचेमागील जाड स्नायुबंध लांबवावा लागतो.

जखम भरण्यास कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. या काळात त्या पायावर भार न देणे, साखर आटोक्यात ठेवणे आणि धूम्रपान पूर्ण थांबवणे अत्यावश्यक असते. 'फक्त न्हाणीघरापर्यंत' म्हणून टाकलेली पावलेही टाके उसवू शकतात.

नंतर येतो पादत्राणांचा प्रश्न. वेल्लोर येथे कुष्ठरुग्णांच्या बधिर पावलांवर काम करताना डॉ. पॉल ब्रँड यांनी व्रणामागे वारंवार पडणारा दाब असतो, हे दाखवून दिले. मधुमेहींच्या पादत्राणांचा विचारही त्याच वाटेने पुढे गेला. मऊ मायक्रोसेल्युलर रबराचे अस्तर, कडक वक्र तळ आणि काढलेल्या बोटांच्या जागी भराव, अशी त्यांची रचना असते. ती घरातही वापरायची असतात. उंबऱ्याबाहेर चपला काढण्याच्या आपल्या सवयीमुळे नेमके हेच राहून जाते.

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार, पावलाचा व्रण बरा झालेल्या सुमारे ४० टक्के मधुमेहींना वर्षभरात पुन्हा व्रण होतो. दुसऱ्या पावलावरही आता अधिक भार येत असल्याने दोन्ही तळवे रोज आरशात पाहावेत. वाकता येत नसेल किंवा नजर अधू असेल, तर हे काम घरातील कोणीतरी करावे.