मेंदूचे प्रतिमांकन

मेंदूचे प्रतिमांकन : कवटी न उघडता मेंदूची रचना, त्यातला रक्तपुरवठा आणि त्याचे चालू काम पाहण्याच्या तंत्रांचे एकत्रित नाव. सीटी स्कॅन, एमआरआय, कार्यदर्शी एमआरआय म्हणजे एफएमआरआय आणि पेट स्कॅन ही त्यांतली मुख्य तंत्रे. मेंदूत काय फुटले, काय तुंबले, काय सुजले वा झिजले, हे ती आज फार चांगले सांगतात. माणूस मनात काय लपवतो आहे किंवा तो असा का वागतो, हे सांगण्यात मात्र ती अजून कच्ची आहेत. पहिल्या कामाचे महत्त्व सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्यात चांगले कळते, आणि दुसऱ्या दाव्याची फजिती पुण्याच्या एका खटल्यात झाली.

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या साडेआठ लाखांच्या आसपास होती. घरातली कर्ती मुले मुंबईत आणि गावी म्हातारी माणसे, हे इथले जुनेच चित्र. आणि मेंदूचे बरेच आजार उतारवयातलेच. ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि पडव्याला खासगी वैद्यकीय महाविद्यालय या अलीकडच्या गोष्टी. तरीही डोक्याला मोठी दुखापत झालेल्या किंवा लकवा मारलेल्या माणसाबद्दल ‘बांबोळीक न्हेल्यानी’ हे वाक्य मालवणात कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे. १८४२ मध्ये पोर्तुगीज राजवटीत पणजीला सुरू झालेली ही संस्था. मालवणहून तिथपर्यंतचा रस्ता साधारण एकशेवीस किलोमीटरचा. आधी कुडाळच्या बाजूने महामार्ग गाठायचा, मग बांदा, पत्रादेवीचा नाका, म्हापसा आणि शेवटी मांडवीवरचा पूल.

हे अंतर लकव्यात सर्वांत जास्त नडते. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोबडी वळली, की मेंदूच्या रक्तवाहिनीत एक तर गुठळी अडकलेली असते किंवा रक्तवाहिनी फुटलेली असते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसते आणि उपचार मात्र एकमेकांच्या उलट. गुठळी विरघळवणारे औषध रक्तस्रावाच्या रुग्णाला दिले, तर जीव जाऊ शकतो. म्हणून आधी सीटी स्कॅन, मग औषध. हे औषध सहसा साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि ते तास लक्षण दिसल्यापासून मोजायचे नसतात. माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून ते मोजले जातात. रात्री दहाला झोपलेला माणूस पहाटे लुळा होऊन उठला, तर घड्याळ दहापासून चालू झालेले असते. खोल समुद्रात गेलेल्या ट्रॉलरवरच्या खलाशाचा हिशेब तर किनाऱ्याला लागेपर्यंतच संपतो. अमेरिकन चेताविज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये केलेल्या अंदाजानुसार, मोठी रक्तवाहिनी तुंबल्यावर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. तेल चोळून सकाळपर्यंत वाट पाहण्याची किंमत त्यावरून काढता येते.

उशीर झालेल्यांपैकी काहींसाठी २०१८ नंतर आशा निर्माण झाली. डॉन आणि डिफ्यूज-३ या दोन चाचण्यांत एक गोष्ट दिसली : मेंदूचा किती भाग मेला आणि किती अजून वाचण्याजोगा आहे, हे प्रतिमेवर वेगळे काढता आले, तर मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी नळीवाटे काढण्याचा उपचार निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंत उपयोगी पडतो. इथे निर्णय घड्याळावर न सोडता प्रतिमेवरून घेतला जातो. मात्र हा उपचार करणारा तज्ज्ञ आणि कॅथलॅब दोन्ही हाताशी लागतात, आणि ती प्रत्येक जिल्ह्याच्या गावी नसतात.

इतिहास : एक्स-रे १८९५ चा, त्यात कवटी दिसते, मेंदू दिसत नाही. १९१८ मध्ये वॉल्टर डँडी यांनी मेंदूतल्या पोकळ्यांत हवा भरून एक्स-रे काढायला सुरुवात केली. त्यानंतरची डोकेदुखी रुग्णांना नकोशी होई. लिस्बनच्या एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये मेंदूच्या रक्तवाहिन्यांत रंजकद्रव्य सोडून त्यांचे चित्र मिळवले. खरी उडी पडली १ ऑक्टोबर १९७१ रोजी. लंडनच्या विम्बल्डन भागातल्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला. मेंदूत गाठ असल्याचा संशय असलेली ती स्त्री होती, आणि गाठ दिसली. हाउन्सफील्ड ज्या ईएमआय कंपनीत अभियंते होते, तिच्याच एचएमव्ही तबकड्यांवर मराठी घरांतून भावगीते वाजत होती. ॲलन कॉरमॅक यांच्यासह त्यांना १९७९ चे नोबेल मिळाले. एमआरआयसाठी पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना ते २००३ मध्ये मिळाले. भारतातले पहिले पेट यंत्र २००२ मध्ये मुंबईत परळला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या विकिरण वैद्यक केंद्रात बसले.

यंत्रे : सीटीमध्ये एक्स-रेची नळी डोक्याभोवती फिरते आणि संगणक आडवे काप जुळवतो. काम मिनिटांत आटोपते आणि ताजे रक्त पांढरेशुभ्र दिसते. माडावरून किंवा आंब्याच्या झाडावरून पडलेल्या माणसासाठी हेच यंत्र पहिले. लकव्याच्या सुरुवातीच्या तासांत मात्र सीटी साफ दिसू शकते आणि तरी मेंदू मरत असतो. तिथे एमआरआयचा विसरणदर्शी प्रकार फार लवकर बोलतो. एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नसतो, चुंबक असतो. दीड टेस्लाचे नेहमीचे यंत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या तीसेक हजारपट ताकदीचे. त्याची वेटोळी द्रवरूप हेलियमने उणे २६९ अंश सेल्सिअसला ठेवावी लागतात आणि शीतयंत्रणेला अखंड वीज लागते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याची वीज तोडली. ज्या भागात पावसाळ्यात दिवे जाण्याची सवयच झालेली असते, तिथे असे यंत्र घेण्यापेक्षा सांभाळणे कठीण.

हा चुंबक यंत्र बंद दिसत असतानाही चालूच असतो. २७ जानेवारी २०१८ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात एमआरआयच्या खोलीत प्राणवायूचे सिलिंडर घेऊन गेलेला रुग्णाचा नातेवाईक यंत्राकडे खेचला गेला आणि दगावला. दारावर मंगळसूत्र, कर्णफुले, जोडवी काढायला लावतात ती सुरक्षेसाठी. सोने चुंबकाला ओढले जात नसले, तरी धातू तापू शकतो आणि चित्रही बिघडवतो. डोळ्यात लोखंडाचा कण गेलेला वेल्डर आणि जुना पेसमेकर बसवलेला रुग्ण यांनी तर आधी सांगायलाच हवे.

आरोग्य : प्रतिमांकनाचा सर्वांत समाधान देणारा उपयोग गाजावाजा न होणाऱ्या आजारात आहे. सत्तरीतली आजी दोन आठवड्यांपासून गुंगीत आहे, भलतेच बोलते, जेवल्याचे विसरते. घरचे म्हणतात, ‘वय झालं.’ महिन्यापूर्वी न्हाणीत घसरून डोके आपटले होते, हे कोणाच्या लक्षातही नसते. सीटीत कवटीच्या आत चंद्रकोरीच्या आकाराचा जुन्या रक्ताचा साठा दिसतो. कवटीला छिद्र पाडून तो काढला, की बहुतेक जण पुन्हा पूर्वीसारखे होतात. वागणे बदलते, कारण दिसते आणि कारण दूर करता येते, अशी सरळ साखळी मेंदूच्या आजारांत फार वेळा मिळत नाही. स्मृती, चाल आणि लघवीवरचा ताबा एकत्रच बिघडवणारा, मेंदूतल्या पोकळ्या फुगण्याचा आजार आणि कपाळामागे सावकाश वाढणारी, माणसाचा स्वभावच बदलणारी गाठ, ही त्याच जातीची उदाहरणे.

भारतात सीटी आल्यावर आकडीच्या रुग्णांत एक छोटी कडीसारखी गाठ वारंवार दिसू लागली. ती क्षयाची समजून वर्ष-दीड वर्ष औषधे दिली जात. पुढे लक्षात आले, की काही महिन्यांनी ती आपोआपही नाहीशी होते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काढलेल्या अशा गाठी तपासल्यावर बहुतेकांच्या आत फीतकृमीची अळी निघाली. या कृमीची अंडी न धुतलेल्या भाजीतून किंवा अस्वच्छ हातांतून पोटात जातात, त्यामुळे डुकराचे मांस न खाणाऱ्यालाही हा आजार होतो. ज्या घरात आकडीला ‘बाहेरचे’ समजून गाऱ्हाणे घातले जाते, तिथे हे चित्र दाखवण्याचा वेगळाच परिणाम होतो, असे म्हणायला हरकत नाही.

चित्राची वाट पाहणे चुकीचे ठरते, असेही प्रसंग आहेत. मालवणजवळच्या तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग फार वाढले आहे. टाकी लावून खाली गेलेला माणूस श्वास रोखून भरकन वर आला, तर हवा फुगून फुप्फुस फाटते, ती हवा रक्तात शिरते आणि मेंदूत जाऊन अडकते. पाण्याबाहेर आल्यावर काही मिनिटांत तो बेशुद्ध होऊ शकतो. स्कॅन अशा वेळी साफही निघतो. प्राणवायू आणि उच्चदाब कक्ष हाच इलाज, आणि तो स्कॅनसाठी थांबवायचा नसतो. म्हाताऱ्या माणसाच्या रक्तातले सोडियम घसरले, थायरॉइड मंदावले किंवा नैराश्य आले, तरीही तो भ्रमिष्ट वाटतो; तिथेही स्कॅन निरोगीच असतो. काही हजारांच्या एमआरआयआधी काही शेकड्यांची रक्ततपासणी करावी, हे गावच्या डॉक्टरला ठाऊक असते, नातेवाइकांना पटत नाही.

वर्तन : १९७६ मध्ये इव्ह जॉनस्टोन आणि सहकाऱ्यांनी सतरा स्किझोफ्रेनिया-रुग्णांचे सीटी काढून त्यांच्या मेंदूतल्या पोकळ्या मोठ्या असल्याचे दाखवले. शोध महत्त्वाचा होता. मनाच्या आजारालाही शरीर असते, हे त्याने सांगितले. पण तो फरक गटांच्या सरासरीतला. समोरच्या एका माणसाचे चित्र पाहून त्याला स्किझोफ्रेनिया किंवा नैराश्य आहे असे आजही ठरवता येत नाही. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात असो वा आणखी कुठे, निदान होते ते बोलून आणि निरखून.

एफएमआरआयचा पाया सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये घातला. काम करणाऱ्या भागाकडे प्राणवायूयुक्त रक्त जास्त जाते, ते यंत्र टिपते. म्हणजे दिसतो तो विचार नव्हे, विचारामागून काही सेकंदांनी येणारा रक्ताचा ओघ, आणि चित्रातल्या एकेका ठिपक्यात लाखो पेशी. रंग तर गणिताने भरलेले असतात. २००९ मध्ये क्रेग बेनेट यांनी एक मेलेला सामन मासा यंत्रात ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रे दाखवली आणि त्या माणसांच्या भावना ओळखायला सांगितले. हजारो ठिपक्यांच्या तुलनेसाठी लागणारी दुरुस्ती वगळली, तेव्हा माशाचा मेंदू ‘उजळला’. मालवणच्या लिलावात हा मासा कोणी जिवंत म्हणून खपवू शकले नसते. २०२२ मध्ये ‘नेचर’मधल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवले, की मेंदूची ठेवण आणि वर्तन यांचा विश्वासार्ह संबंध लावायला हजारो माणसे लागतात; नेहमीच्या अभ्यासांत पंचवीसेक असत.

२०१६ चा वेदपाठींवरचा अभ्यास या मापाने वाचावा. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात २१ पंडित आणि त्यांच्याशी जुळणारे २१ इतर यांचे एमआरआय काढले गेले. शुक्ल यजुर्वेद मुखोद्गत असलेल्यांच्या मेंदूत भाषा आणि स्मृतीशी संबंधित काही भाग जाड आढळले. यावरून मंत्रोच्चाराने बुद्धी वाढते, असा संदेश मोबाइलवर फिरू लागला. अभ्यासात तसे सिद्ध झालेले नाही. पाठांतराआधीचा मेंदू कोणी पाहिलाच नव्हता.

एफएमआरआयची दुसरी अडचण साधी आहे. यंत्रात डोके हलवायचे नाही. सुचेल तसे वाजवणाऱ्या सहा जॅझवादकांना चार्ल्स लिंब आणि ॲलन ब्रॉन यांनी २००८ मध्ये आडवे झोपवून छोट्या पेटीवर वाजवायला लावले. स्वतःवर पहारा ठेवणारे भाग शांत झालेले दिसले. संहितेशिवाय रात्रभर संवाद रचणाऱ्या दशावतारी नटाला मात्र ते जमायचे नाही. त्याला शंकासुर हवा, पखवाज हवा आणि समोर जाणकार प्रेक्षक हवा.

न्यायालय : १२ जून २००८ रोजी पुण्याच्या सत्र न्यायालयाने विषप्रयोगाच्या खटल्यात एका तरुणीला आणि तिच्या साथीदाराला जन्मठेप सुनावली. प्रसादातून आर्सेनिक दिल्याचा आरोप होता. निकालात ‘बीईओएस’ चाचणीला बरेच वजन दिले गेले होते. ही चाचणी प्रतिमांकनाची नाही, पण मनात लपलेले वाचण्याचा दावा तोच. डोक्यावर ३२ विद्युत्स्पर्शक लावतात, आरोपी गप्प बसतो, त्याला घटनेची वाक्ये ऐकवतात आणि ‘अनुभवजन्य’ आठवण आहे की नाही, हे संगणक सांगतो, असा तिचा दावा. वर्तमानपत्रांत तिला ‘ब्रेन मॅपिंग’ म्हणत. चंपादी रामन मुकुंदन यांनी ती तयार केली होती. बंगळुरूच्या निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याच वर्षी ती अशास्त्रीय ठरवली. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने आरोपींना जामीन दिला.

५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या खटल्यात नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची अशी चाचणी संमतीशिवाय करणे घटनेच्या कलम २०(३) आणि २१ च्या विरुद्ध असल्याचा निर्णय दिला. संमतीने चाचणी झाली, तरी तिचा निष्कर्ष हा स्वतः पुरावा होत नाही. त्यातून मिळालेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढीच ग्राह्य धरता येते. संमती दंडाधिकाऱ्यासमोर नोंदवावी लागते, आणि आरोपीला वकील मिळालेला असावा लागतो.