अतिनिम्न वारंवारतेवरील हौशी रेडिओ प्रयोग

अतिनिम्न वारंवारतेवरील हौशी रेडिओ प्रयोग म्हणजे ३ ते ३० किलोहर्ट्झ या पट्ट्यातील रेडिओ लहरींवर हौशी रेडिओचालक (हॅम) करीत असलेले ग्रहणाचे व प्रक्षेपणाचे प्रयोग होत. या लहरींची तरंगलांबी १० ते १०० किलोमीटर असते. जमीन आणि आयनांबर यांच्या दरम्यान त्या हजारो किलोमीटर जातात व समुद्राच्या पाण्यातही काही मीटर शिरतात. म्हणून नौदले पाणबुड्यांना संदेश देण्यासाठी त्या वापरतात.

नियम

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीत ८.३ किलोहर्ट्झखालील वारंवारता कोणत्याही सेवेला दिलेली नाही. मात्र याचा अर्थ ती सर्वांना खुली आहे असा होत नाही. नियमावलीतील रेडिओ लहरींच्या व्याख्येला ३,००० गिगाहर्ट्झ ही वरची मर्यादा आहे. खालची मर्यादा नाही. हौशी सेवेचा आंतरराष्ट्रीय तक्त्यातील सर्वांत खालचा पट्टा १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ हा असून तो २००७ साली दुय्यम तत्त्वावर, १ वॅट प्रारित शक्तीच्या मर्यादेत देण्यात आला.

भारतात हौशी परवाना दूरसंचार विभागाची वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखा देते. परवानाधारकाचा प्रक्षेपणाचा अधिकार नेमून दिलेल्या पट्ट्यांपुरताच असतो. त्यामुळे अतिनिम्न वारंवारतेवर प्रक्षेपण करण्यापूर्वी स्वतंत्र परवानगी आवश्यक ठरते.

प्रक्षेपणातील अडचणी

८ किलोहर्ट्झला तरंगलांबी सुमारे ३७.५ किलोमीटर, तर पाव तरंगलांबीचा अँटेना ९ किलोमीटरहून उंच होतो. शंभर मीटरच्या तारेतून शक्तीचा अत्यल्प अंश प्रारित होतो. उरलेली शक्ती वेटोळ्यात व जमिनीत उष्णतारूपाने खर्च होते. तारेवर हजारो व्होल्टचा दाब येतो. युरोपातील काही हौशींनी पतंगाने तार उंच नेली. नाशिक जिल्ह्यातील येवल्याला संक्रांतीच्या पतंगांची परंपरा असली, तरी धातूची तार आकाशात नेणे वीजवाहिन्यांमुळे जिवावर बेतू शकते. शिवाय ओझर व गांधीनगर येथील विमानतळांमुळे नाशिक परिसरात हवाई वाहतुकीचे बंधनही लक्षात घ्यावे लागते.

नाशिकमधील ग्रहण

ग्रहणासाठी लाकडी चौकटीवर अनेक वेढ्यांचे वेटोळे, प्रवर्धक आणि संगणकाचे साउंड कार्ड पुरते. ४८ किलोहर्ट्झ नमुनादराने २४ किलोहर्ट्झपर्यंतचे संकेत नोंदता येतात. तमिळनाडूतील विजयनारायणम येथील भारतीय नौदलाचे ‘आयएनएस कट्टबोम्मन’ हे केंद्र १८.२ किलोहर्ट्झवर प्रक्षेपण करते. नाशिकपासून ते सरळ रेषेत सुमारे १,३५० किलोमीटरवर आहे. ऑस्ट्रेलियातील एक्समाउथजवळील केंद्र १९.८ किलोहर्ट्झवर आहे. या संकेतांतील मजकूर सांकेतिक असतो. हौशी निरीक्षक केवळ त्यांची तीव्रता नोंदवतात. सौरज्वालेच्या वेळी आयनांबराच्या ‘डी’ थराचे आयनीभवन वाढून दिवसा ही तीव्रता काही मिनिटांत बदलते व नंतर हळूहळू पूर्ववत होते. रात्री विजांच्या कडकडाटातून निघालेले ‘ट्वीक’ ऐकू येतात.

शहरातील मुख्य अडथळा ५० हर्ट्झ वीजपुरवठ्याच्या गुणकांचा गुंजारव हा होय. वेटोळे फिरवून तो कमी करता येतो. विद्युतीकृत लोहमार्ग व उच्चदाब वाहिन्यांपासून दूर असलेली मोकळी जागा अधिक उपयुक्त ठरते. वळवाच्या दिवसांत जवळच्या विजा दुर्बल संकेत झाकून टाकतात. अशा वेळी बाहेरील अँटेना सोडवून ठेवणे सुरक्षिततेसाठी आवश्यक असते.