डोक्यावर काटा असलेल्या शार्कची कुळकथा

कोल्हापुरात कुणी शार्कचा जीवाश्म शोधायला निघालाच, तर त्याला आधीच सांगावं: उगाच दगड फोडू नका. इथला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. जिल्ह्याच्या दक्षिणेला त्याखालून डोकावणारे कलादगीचे खडक तर इतके जुने, की तेव्हा मासे जन्मलेच नव्हते. आपला मासा या दोहोंच्या मधल्या काळातला, सुमारे बावीस कोटी वर्षांपूर्वीचा, तोही नदी-तळ्यांत राहणारा. त्याच्यासाठी राज्याच्या दुसऱ्या टोकाला, प्राणहितेच्या खोऱ्यात जावं लागतं.

नदीपलीकडे, आज तेलंगणात असलेल्या आसिफाबादच्या मुलखात मलेरी गाव आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्यामुळे इथले माशांचे दात अभ्यासकांपर्यंत पोचले. 1859 मध्ये थॉमस ओल्डहॅम यांनी ते सेरॅटोडस या फुप्फुसमाशाचे ठरवले. शार्कचा पत्ता लागायला अजून शंभरावर वर्षं होती.

तिकडे युरोपात या शार्कच्या नावांचा गोंधळ चालू होता. शार्कचा सांगाडा कूर्चेचा, तो सहसा टिकत नाही. उरतात ते दात आणि या कुळात डोक्यामागे उभा असलेला लांब काटा. लुई अगासी यांनी 1837 मध्ये काट्याला प्ल्यूराकॅन्थस म्हटलं आणि 1843 मध्ये दातांना डिप्लोडस. एकाच प्राण्याचे अवयव, पण कागदावर परके! शिवाय पहिलं नाव एका भुंगेऱ्याला आधीच दिलेलं निघालं, दुसरं एका समुद्री माशाला. शेवटी बायरिख यांनी 1848 मध्ये दिलेलं झेनाकॅन्थस टिकलं.

भारतात हे काम पुढे नेलं ते चक्क संख्याशास्त्राच्या संस्थेनं. संस्थेचे संस्थापक महालनोबिस यांनी लंडनच्या जीवाश्मतज्ज्ञ पामेला रॉबिन्सन यांना कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये बोलावलं आणि तिथले अभ्यासक प्राणहिता-गोदावरीचं खोरं पालथं घालू लागले. त्यांतल्याच सोहन लाल जैन यांनी मलेरीच्या थरांतल्या शार्कला 1980 मध्ये झेनाकॅन्थस इंडिकस असं नाव दिलं. तेव्हाही निबंधाच्या शीर्षकात त्यांना जुन्या प्ल्यूराकॅन्थची आठवण कंसात द्यावी लागली.

तेही नाव टिकलं नाही. 2010 मध्ये ही जात मूरिओडोन्टस या नव्या प्रजातीत गेली. मग 2018 मध्ये मध्य प्रदेशातल्या टिकीच्या थरांतून याच प्रजातीची आणखी एक जात नोंदवली गेली: मूरिओडोन्टस जैनी.