खतखत्यातील परमुलूख

२०२२ साली कतार येथे फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा भरली असता, ज्या राष्ट्राचा सामना त्याच राष्ट्राचा पदार्थ घरी शिजावा, असा हट्ट आमच्या मुलांनी धरला. मांसाहार अर्थातच वगळला. मेक्सिकोच्या दिवशी मक्याच्या भाकऱ्या झाल्या. पोर्तुगालच्या दिवशी लिंबाची साल व दालचिनी घातलेला गोड दूधभात, म्हणजे आमची खीरच! ९ डिसेंबरला ब्राझीलसाठी काळ्या घेवड्याची उसळ ठरताच माई म्हणाल्या, “देवाच्या घरात हे परमुलखातले अन्न कशाला?”

प्रश्न रास्त होता. परंतु त्याच दिवशी नैवेद्याला त्यांनी खतखते रांधले होते. त्यातील तूरडाळ, नारळ आणि तिरफळे आपली खरी. रताळे, मका, बटाटा, पपई आणि मिरची ही मंडळी मात्र मूळची अमेरिका खंडातील; १५०० पूर्वी आपल्या चुलीला त्यांची ओळखही नव्हती. त्या वर्षी एप्रिलात काब्रालचे पोर्तुगीज आरमार ब्राझीलला लागले आणि सप्टेंबरात तेच कालिकतास येऊन ठेपले. १५१० मध्ये गोवा त्यांच्या हाती गेला आणि वाट रुळली. ज्या राजवटीच्या भयाने १५६० मध्ये श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास न्यावा लागला, तिच्याच गलबतांच्या वाटेने नैवेद्याची ही भाजी आली, हे कबूल करणे आम्हांस सोपे गेले नाही. जगन्नाथपुरीच्या महाप्रसादात बटाटा, टोमॅटो व मिरची आजही वर्ज्य आहेत. आम्ही गोमंतकीय त्यांचे परकेपण पार विसरलो.

हे सारे आम्ही माईंना सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. रात्री ब्राझील क्रोएशियाकडून पेनल्टीत हरला. उसळीत माईंनी तिरफळे ठेचून घातली होती.