एफएआय चषक अंतिम सामना, २०२३

आयर्लंडच्या फुटबॉल संघटनेतर्फे घेतल्या जाणाऱ्या चषक स्पर्धेचा अंतिम सामना. १२ नोव्हेंबर २०२३ रोजी डब्लिनच्या अवीवा स्टेडियमवर सेंट पॅट्रिक्स अ‍ॅथलेटिकने बोहेमियन्सचा ३–१ असा पराभव केला. दोन्ही क्लब डब्लिनचेच : १८९० साली स्थापन झालेला बोहेमियन्स शहराच्या उत्तरेकडील फिब्सबरोचा, तर १९२९ सालचा सेंट पॅट्रिक्स लिफी नदीच्या दक्षिणेकडील इंचिकोरचा. जोनाथन अफोलाबीने सुरुवातीलाच पेनल्टीवर गोल करून बोहेमियन्सला आघाडी मिळवून दिली. मध्यंतरापूर्वी मार्क डॉयलने बरोबरी साधली, उत्तरार्धात क्रिस्तियान नोव्हाकच्या स्वयंगोलाने पारडे फिरले आणि अगदी शेवटी, भरपाईच्या वेळेत टॉमी लोनर्गनने तिसरा गोल केला. जॉन डेली यांच्या मार्गदर्शनाखाली खेळणाऱ्या सेंट पॅट्रिक्सचा हा पाचवा चषक. खेळापुरती एवढी नोंद पुरेशी आहे. ज्या लढतीचा कल स्वयंगोलाने ठरला, तिची गणना संस्मरणीय सामन्यांत करणे अवघडच. सामन्याचे खरे महत्त्व प्रेक्षकसंख्येत आहे. त्या दिवशी ४३,८८१ लोक आले आणि १९४५ मध्ये डॅलीमाउंट पार्कवरील शॅमरॉक रोव्हर्स–बोहेमियन्स अंतिम सामन्याने केलेला स्पर्धेचा विक्रम ७८ वर्षांनी मागे पडला.

आयरिश माणूस दूरचित्रवाणीवर इंग्लंडचे क्लब पाहतो, गावात गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग पाहतो, देशातल्या लीगकडे मात्र पाठ फिरवतो, अशी समजूत दीर्घकाळ होती आणि ती निराधारही नव्हती. पण या सामन्याची गर्दी वेगळ्या कारणाकडे बोट दाखवते : देशी फुटबॉलला प्रेक्षक आहेत, त्यांना बसवायला जागा नाही. डॅलीमाउंट पार्क हे बोहेमियन्सचे मैदान. तिथे एके काळी राष्ट्रीय संघाच्या सामन्यांना चाळीस हजारांहून अधिक लोक जमत. २०२३ मध्ये त्याची क्षमता जेमतेम साडेचार हजारांच्या आसपास उरली होती. सेंट पॅट्रिक्सच्या रिचमंड पार्कची पाच हजारांच्या आसपास. घरच्या सामन्यांची तिकिटे वारंवार आधीच संपत असताना ‘लीगला सरासरी प्रेक्षक किती’ हा प्रश्न फसवा ठरतो, कारण मोजली जाते ती मागणी नव्हे, खुर्च्यांची संख्या.

यावर पहिला आक्षेप असा की, साधारण ५१,७०० आसनांचे स्टेडियम मिळाल्यावर विक्रम होणारच. तसे असते तर तो कधीच व्हायला हवा होता, कारण अंतिम सामने २०१० पासून इथेच होतात. २०१२ ते २०१४ या वर्षांत मात्र प्रेक्षक सोळा-सतरा हजारांच्या घरातच राहिले. २०१४ चा विजेता तर सेंट पॅट्रिक्सच होता आणि १९६१ नंतर पहिल्यांदाच चषक उचलत होता, तरी दोन-तृतीयांश खुर्च्या रिकाम्या होत्या. एकाच शहरातील दोन प्रतिस्पर्धी असल्यामुळे गर्दी झाली, हा दुसरा आक्षेप अंशतः मान्य करावा लागतो. पण याच दोन क्लबांमधील २०२१ च्या अंतिम सामन्याला ३७,१२६ प्रेक्षक होते (तो सेंट पॅट्रिक्सने १–१ अशा बरोबरीनंतर पेनल्टींवर ४–३ असा जिंकला). त्या वर्षी कोविडची धास्ती पुरती गेली नव्हती हे धरले, तरी दोन वर्षांतील पावणेसात हजारांची वाढ निव्वळ शेजारवैराने उलगडत नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप तिसरा : चषकाची अंतिम फेरी म्हणजे वर्षातून एकदा भरणारी जत्रा, तिच्यावरून रोजच्या लीगची लोकप्रियता ठरवू नये. त्याची कसोटी पुढे आपोआप झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये बोहेमियन्सने शॅमरॉक रोव्हर्सविरुद्धचा लीगचा साधा सामना अवीवावर नेला. पणाला चषक नव्हता, होते फक्त तीन गुण. तरी ३३,२०८ लोक आले, आणि लीगच्या सामन्याचा तो उच्चांक ठरला. हंगामाची सुरुवात आणि जुने वैर यांचा वाटा त्यात आहेच, दर आठवड्याला तेवढे लोक येतील असा दावा कोणी करू नये. परंतु साडेचार हजार आणि तेहतीस हजार यांतील अंतर केवळ उत्सवी उत्साहाने भरून निघण्यासारखे नाही. डॅलीमाउंट पार्क २०१५ मध्ये डब्लिन महापालिकेने विकत घेतले. पुनर्बांधणीनंतर तिथे सुमारे आठ हजार प्रेक्षकांची सोय करण्याची योजना आहे. वरील आकडे पाहता तीही तोकडीच ठरेल.