ब्रेक धरणे (जुन्या मोटारीतील दोषनिदान)

ब्रेक धरणे : पायातला ब्रेक सोडल्यावरही पॅड डिस्कवरून किंवा शू ड्रमवरून पूर्ण न सुटण्याचा दोष. चाक घासत राहते, तापते, गाडी ओढेनाशी होते आणि पेट्रोल जास्त जाते. या नोंदीत तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचाच विचार केला आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी आणि जुनी अ‍ॅम्बॅसडर यांना चारही चाकांना ड्रम असत. १९८६ नंतरच्या मारुती ८०० ला पुढे डिस्क आणि मागे ड्रम. निदानाची रीत तिन्हींना सारखीच लागू पडते.

हा दोष दिसतो चाकाशी, पण त्याचे मूळ पुष्कळदा चाकापासून दूर असते. गरम चाक दिसले की पॅड बदला, तरीही गरम झाले की कॅलिपर बदला, ही गॅरेजांतली सर्रास चालणारी पद्धत खर्चिक आहे आणि तिच्यात निदान असे काही नसते. भाग बदलण्याआधी तेलाचा दाब नेमका कुठे अडकून राहिला आहे, हे शोधणे हा या कामाचा गाभा आहे.

लक्षणे : सपाट रस्त्यावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडली तर लवकर थांबते. ब्रेक न दाबताही स्टिअरिंग एका बाजूला ओढते. थांबल्यावर एका चाकाजवळ लायनर करपल्याचा उग्र वास येतो. काही गाड्यांत दहा-पंधरा मिनिटे चालवल्यावर पॅडल वर येऊन कडक होते आणि तासभर उभी ठेवली की सगळे पूर्ववत होते. या शेवटच्या लक्षणामुळे फार घोटाळा होतो. मालक तक्रार घेऊन जातो, मिस्त्री थंड गाडी जॅकवर घेऊन चाक फिरवून दाखवतो आणि ‘काही नाही, ठीक आहे’ म्हणून परत पाठवतो. ब्रेक तपासायचे ते दोष उमटलेला असताना, म्हणजे गरम गाडीवरच.

तापणे आणि धरणे : ब्रेक तापतातच, गाडीचा वेग उष्णतेत बदलणे हेच त्यांचे काम. खंडाळा ते खोपोली हा बोरघाटाचा उतार उंचीत सुमारे ५०० मीटरांचा आहे. ९०० किलो वजनाची गाडी तो उतरताना जी ऊर्जा मोकळी होते, ती ताशी ६० किलोमीटर वेगावरून पस्तीसेक वेळा पूर्ण थांबण्याइतकी असते. तिचा काही वाटा इंजिन आणि हवा घेते, उरलेला ब्रेकवर येतो. त्यामुळे बोरघाटाच्या पायथ्याशी चारही चाके गरम लागली तर घाबरायचे कारण नाही, दुसऱ्या गिअरऐवजी चौथ्यात उतरल्याबद्दल चालकाला चार शब्द सुनवावेत एवढेच. मागच्यापेक्षा पुढची चाके जास्त तापणेही नेहमीचे, कारण ब्रेक दाबताना गाडीचा भार पुढे येतो. संशय घ्यायचा तो एकाच अ‍ॅक्सलच्या डाव्या-उजव्या चाकांत ठळक फरक असेल तेव्हा.

तुलनेसाठी सपाट रस्त्यावर काही किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता गाडी चालवावी, हळूहळू थांबू द्यावी आणि लगेच चारही चाके पाहावीत. इन्फ्रारेड थर्मामीटर असल्यास उत्तम. पण चकचकीत डिस्कवर तो प्रत्यक्षापेक्षा बरेच कमी तापमान दाखवतो, म्हणून चारही चाकांवर एकाच जातीच्या मळकट किंवा रंगवलेल्या जागी रोखावा. तो नसेल तर हबवर बोटाने पाण्याचा एखादा थेंब सोडावा. चुर्रकन उडाला तर चाक कोणते ते कळले. तापलेल्या ड्रमवर किंवा डिस्कवर बादलीभर पाणी मात्र ओतू नये, बिडाला तडा जातो. हब खराब बेअरिंगमुळेही तापतो, पण त्यात घरघर ऐकू येते, वळणावर ती कमीजास्त होते आणि जॅकवर घेतलेले चाक हाताने हलवल्यास खेळ जाणवतो.

दाबाचा शोध : किती चाके धरतात यावरून पहिला अंदाज येतो. चारही धरत असतील तर पॅडल, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर (असल्यास) किंवा पॅडलच्या जोराने तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर. मागची दोनच धरत असतील तर बहुधा हॅण्डब्रेकची केबल. एकच असेल तर त्या चाकाकडे तेल नेणारा रबरी होज, डिस्कचा कॅलिपर किंवा ड्रमचा व्हील सिलिंडर. दोन सर्किट कर्णरेषेत विभागलेल्या गाडीत एक पुढचे आणि समोरच्या कोपऱ्यातले मागचे चाक जोडीने धरू शकते.

पुढची कसोटी निपलची, म्हणजे चाकापाशी तेल बाहेर सोडण्याच्या तोटीची. गाडी जॅकवर उचलून स्टॅण्डवर टेकवावी, पॅडल चार-पाच वेळा जोरात दाबून सोडावे आणि चाक हाताने फिरवून पाहावे. अडत असेल तर निपलला नळी लावून, तिचे टोक बाटलीत सोडून, निपल अर्धा आटा सैल करावा. तेलाची चिळकांडी उडून चाक मोकळे झाले, तर कॅलिपर निर्दोष आहे आणि दाब मागे कुठेतरी अडकला आहे. तेल थेंबथेंब आले आणि चाक तसेच घट्ट राहिले, तर दोष चाकापाशीच आहे : गंजलेला पिस्टन, कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या अडकलेल्या पिना किंवा ओढलेली केबल. तेल गरम असते आणि डोळ्यांना घातक असते, म्हणून चष्मा लावावा. बॉडीच्या रंगावर सांडले तर रंग उतरतो.

दाब मागे अडकला असेल तर पुन्हा पॅडल दाबून चाक धरू द्यावे आणि या वेळी होज पाइप व लोखंडी पाइप यांच्या जोडावरचा नट सैल करावा. तरीही चाक सुटले नाही, तर होज आतून बंद झाला आहे. रबर आतल्या बाजूने सुजते किंवा त्याची साल सुटते. पायाच्या जोराने तेल चाकाकडे ढकलले जाते, परतीला मात्र जोर नसल्याने अडून बसते. बाहेरून असा होज अगदी धडधाकट दिसतो. कधीकधी होजला आधार देणारी पत्र्याची पकड आतल्या बाजूने गंजून फुगते आणि होजला आवळते.

नट सैल करताच चाक सुटले तर मोर्चा मास्टर सिलिंडरकडे वळवावा. त्यात तेल टाकीत परत सोडणारे एक छिद्र असते, व्यास एक मिलिमीटरपेक्षाही कमी. पॅडल सोडल्यावर रबरी वाटी त्या छिद्राच्या मागे सरकली पाहिजे. पॅडलला मोकळी चाल ठेवली नसेल, तर वाटी छिद्रावरच थांबते. तेल तापते, प्रसरण पावते, पण त्याला परत जायला वाट नसते; दाब वाढतो, चाके आणखी घासतात, तेल आणखी तापते. थंड असताना बरी आणि तापल्यावर धरणारी गाडी असेल तर बहुधा हाच प्रकार. पडताळ्यासाठी मास्टर सिलिंडरचे बूस्टरवरचे दोन नट तीन-चार आटे सैल करून सिलिंडर थोडा पुढे सरकवावा. चाके सुटली तर मास्टर सिलिंडरला ढकलणारी दांडी लांब आहे किंवा बूस्टर पूर्ण मागे येत नाही. सुटली नाहीत तर छिद्र मळाने किंवा सुजलेल्या वाटीने बुजले आहे. हौसेने जुन्या गाडीला पुढे डिस्क बसवणाऱ्यांनी आणखी एक पाहावे : ड्रमसाठीच्या काही मास्टर सिलिंडरांत लाइनमध्ये थोडा दाब राखणारा व्हॉल्व्ह असतो आणि तोच डिस्कला सतत घासत ठेवतो.

डिस्क : पिस्टनला मागे ओढायला इथे स्प्रिंग नसते. चौकोनी छेदाचे रबरी सील ब्रेक दाबताना किंचित पिळवटते आणि सोडल्यावर सरळ होताना पिस्टनला मिलिमीटरच्या अंशाने मागे घेते. एवढ्याशा हालचालीला गंजाचा पातळ थरही पुरतो. नवे पॅड बसवल्याच्या दुसऱ्याच दिवशी चाक धरू लागते, त्याचे कारण हे : जाड पॅडला जागा करण्यासाठी पिस्टन आत दाबला जातो आणि त्याचा इतके दिवस बाहेर राहून गंजलेला भाग सीलमध्ये शिरतो. एका बाजूला पिस्टन असलेल्या कॅलिपरमध्ये आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच झिजलेला असेल, तर पिनांवर पहिला संशय घ्यावा.

ड्रम : थकलेले स्प्रिंग, गंजलेला व्हील सिलिंडर, शू टेकतात त्या प्लेटवर पडलेल्या चऱ्या आणि प्रमाणाबाहेर कसलेले शू ही कारणे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हॅण्डब्रेक ओढून गाडी आठवडाभर उभी ठेवली, तर लायनर गंजाने ड्रमला चिकटतो. घाट उतरून आल्या आल्या हॅण्डब्रेक ओढला तरी चाक अडकू शकते, कारण तापून फुगलेला ड्रम निवताना शूवर आवळला जातो. दोन्ही प्रसंगी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला ठोकळा लावणे बरे. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

तेल : ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते. ताज्या डॉट ३ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, पाणी मुरल्यावर तो १४० पर्यंत चालतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. धरलेल्या चाकाशी तेल उकळले की वाफ होते आणि पॅडल थेट तळाला जाते. टाकीच्या झाकणातले रबर सुजलेले दिसले, तर कुणीतरी इंजिन ऑइल ओतल्याची शंका घ्यावी. टाकीतले थोडे तेल पाण्याच्या पेल्यात टाकून पाहावे; ब्रेक ऑइल मिसळते, खनिज तेल वर तरंगते. तरंगले, तर एखादे किट बदलून भागत नाही. मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांपर्यंतचे प्रत्येक रबर, होजसकट, बदलावे लागते आणि लोखंडी पाइप स्पिरिटने धुऊन काढावे लागतात.